नवी आवृत्ती, रात्री पावणेदोन

विक्रोळीच्या या इमारतीत चौथ्या मजल्यावर
बाराही महिने हिवाळा असतो.
मी स्वेटर घालून,
शेजारी कंपनीने धाडलेला पोरगा, सुफियान मुकादम,
आणि आमच्या मध्ये नवी आवृत्ती,
अडुसष्ट टक्क्यांवर अडलेली.

तो सांगतोय काय काय नवं आहे.
सर्व्हर आता बंद न करता बदलता येईल.
नोंदवही निम्म्या जागेत मावेल.
आणि दोन व्यवहार एकमेकांना अडून बसले तर,
म्हणजे मंगलदास मार्केटच्या बोळात
हातगाडी आणि टेम्पो समोरासमोर यावेत
आणि दोघांनीही इंजिन-घाम बंद करून विडी पेटवावी, तसे,
तर मागे कुणी जायचं ते तोच ठरवील.
"कुणी?"
"जो नंतर आला, त्याने."
बरोबर आहे. बोळातही तेच होतं,
फक्त आधी थोडी आईबहीण निघते.

मग त्याने खुर्ची पुढे ओढली. मुख्य गोष्ट.
तळ्यात-मळ्यात राहिलेल्या नोंदी.
एकाने विचारलं, तयार? दुसऱ्याने सांगितलं, तयार,
आणि 'कर' हा शब्द पोचायच्या आत
लालबागला कुणीतरी रस्ता खणला.
पैसे निघालेले, पोचलेले नाहीत.
यापुढे अशांसाठी जागायचं नाही, मॅडम.
नव्वद सेकंद. मग जिथले तिथे परत.

हे काम आमच्याकडे खोपकर करायचे.
लाल कापडी बांधणीची वही, रकाने चार:
नावे, जमा, कधीपासून,
आणि शेवटचा, 'विचारले'.
फोन लागला नाही तर बसने स्वतः जायचे,
प्रवासखर्च मागायचे नाहीत.
वही आता माझ्या खणात असते, पंचिंग मशीनखाली.

पान एकशेबारा.
ब्रिजेट तुस्कानो, माझगाव शाखा, साडेबाराशे रुपये,
मुलाच्या खात्यात, इग्नेशस, बोटीवर नोकरी.
नावे पडले. जमा झाले नाहीत.
शेवटच्या रकान्यात खोपकरांचं बारीक अक्षर:
'घरी गेलो. बोट सापडली नाही.
परत जमा करू का विचारले.
बाई म्हणाल्या, वाटेत आहेत ना, असू देत.
नोंद अडकलेली असली की खातं बंद होत नाही,
हे त्यांना कुणी सांगितलं कळेना.
चहा घेतला. घाई नाही.'

त्यानंतर सर्व्हर तीनदा बदलला.
तिन्ही वेळा ही नोंद आम्ही
मांजरीने पिल्लू न्यावं तशी हाताने नेली,
आधी खोपकरांनी, मग मी.
ऑडिटरने दर मार्चला लाल गोल केला,
मी दर एप्रिलला लिहिलं, पाठपुरावा चालू आहे.
ते खोटं नव्हतं.
खोटं असेल तर फार थोडं होतं.

ब्याण्णव टक्के.
सुफियान यंत्राचा चहा आणायला उठला.
मी माहितीपुस्तक उघडलं, पान एकेचाळीस,
सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
अपवादांची यादी. सोळा नोंदींपर्यंत.
यांना मुदत लागू नाही. शक्यतो वापरू नये.

मी आकडे घातले. दोनदा तपासले.
सोळांतली पंधरा घरं रिकामीच ठेवली.

शंभर.
पडद्यावर सगळं हिरवं, एखाद्या मंगल कार्यालयासारखं,
आणि कोपऱ्यात, प्रलंबित: एक.
सुफियान दोन्ही हातांत कप घेऊन थांबला.
"हे शून्य यायला पाहिजे. काहीतरी चुकलंय."

"चुकलं नाही," मी म्हटलं, "ठेवलीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे.
काय समजला कुणास ठाऊक.
अहवालात टिंब दिलं,
आणि चहात साखर नाहीये म्हणाला.