नंतर आणि शिवाय

क्लाक्सविकच्या धक्क्यावर रात्री वीज गेली,
एकवीस मिनिटांनी आली.
पेटी आपली आपण उठली,
आणि सकाळी ट्रोंदुरचा फोन:
"मार्युन, आज तारीख काय गं?
भरतीची नोंद म्हणते, एक जानेवारी सत्तर.
तेव्हा मी जन्मलोही नव्हतो,
पाणी मात्र हातभर चढलेलं दिसतंय."

मी हसले. मग हसू गिळलं.
पॅकेज माझं होतं.
सर्व्हिसची फाइल माझ्या हातची, अकरा ओळींची,
त्यातल्या एकीत लिहिलेलं: घड्याळानंतर.

नंतर.
म्हणजे एवढंच, की दोघं निघणार असतील
तर आधी तो, मग हा.
तो निघालाच नाही तर काय,
हे 'नंतर'ला कुणी विचारत नाही.
त्या पेटीवर घड्याळाची सर्व्हिस बसवलेलीच नव्हती.
नसलेल्याच्या नंतर यायला
कितीसा वेळ लागतो?

दुसरा शब्द आहे: शिवाय.
त्याच्याशिवाय नाही.
हा जड. लिहिताना बोट कळीवर थबकतं,
कारण एकदा लिहिला, की घड्याळ पडलं
तर भरतीमापकही पडणार, नोंदच नाही.
चुकीच्या तारखेचा समुद्र बरा
की अजिबात समुद्र नसलेला बरा,
हे ठरवणारी मी कोण,
इथे हीटरजवळ पाय शेकत बसलेली?

तिसराही आहे, मवाळ: आला तर बरं.
अडचणीत आम्ही सगळे त्याच्याच दारी जातो.

मागच्या हिवाळ्यात मी उलट टोक गाठलं होतं.
सगळ्यांना सगळ्यांशी बांधून टाकलं.
घड्याळ नेटवर्कची वाट बघत बसलं,
नेटवर्क घड्याळाची,
"तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही आधी",
उंबऱ्यात अडलेले दोन पाहुणे.
शेवटी मशीननेच एकाचं नाव कापलं.
कुणाचं, ते लॉगच्या तळाशी,
जिथे कुणी बघत नाही.

आणि 'सुरू' म्हणजे काय, तो वेगळाच घोळ.
घड्याळ सुरू झालं म्हणजे त्याला वेळ कळली असं नाही.
डोळे उघडलेत, पाय जमिनीला टेकलेत,
वार कोणता ते अजून आठवायचंय.

पेटीची किल्ली म्हाताऱ्या हायनीकडे असते.
त्याला हे सांगायला गेले, तर तो जाळं उसवत म्हणाला,
"आमच्या नावेवर सहा जण. पाचांवरही निघायचो.
चौघांवर कधी नाही."
हे कुठे लिहिलं होतं?
"लिहायचं कशाला? चौघंच जमले
तर वल्ह्याला कुणी हातच लावायचा नाही."

दुपारी नवी आवृत्ती बांधली.
पॅकेजला घड्याळ हवंच, म्हणजे बसवताना सोबत येईल;
सोबत येणं वेगळं, सोबत उठणं वेगळं,
मीही ते दोन वर्षं एकच समजत होते.
सर्व्हिसला सांगितलं: वेळ जुळेपर्यंत थांबू नकोस,
पाणी मोजत राहा,
तारखेची जागा कोरी सोड,
उठल्यापासून किती सेकंद झाले तेवढं लिही.
कोरी जागा नंतर भरता येते.
नंतर, हो, पुन्हा तोच शब्द.

ट्रोंदुर विचारतो, सत्तरच्या नोंदी पुसू का?
थांब म्हटलं.
वीज नेमकी कधी आली
ते हायनी वहीत टिपतो, पेन्सिलने, वाऱ्याच्या दिशेसकट.
तेवढा आकडा मिळाला
की अख्खी रात्र उचलून जागेवर ठेवता येईल.

त्याची वही कुठल्याच यादीत नाही,
ना 'नंतर'मध्ये, ना 'शिवाय'मध्ये.

फोन लावलाय. वाजतोय.
हायनी उचलत नाही.
जेवायला गेला असेल.