फ्रिजवरचा कागद

चिलीचा किनारा. इथं जमिनीचा भरवसा नाही,
म्हणून एल्विरा लिहायला बसली.
धाकट्याचे बूट दाराशीच.
इन्सुलिन विसरायचं नाही.
कुत्र्याला सोडून द्या, त्याला वाट ठाऊक आहे.
शाळेत असाल तर शाळेतूनच वर,
घरी परत यायचं नाही, कुणासाठीच.
'कुणासाठीच'खाली दोन रेघा.

मग ओस्वाल्दोची पाळी.
तो म्हणाला, हादरा बसला की होड्या खोल पाण्यात न्यायच्या असतात.
तिथं लाट नुसती उचलते, मोडत नाही.

तिनं पेन्सिल तासली. टोक होतं तरी
पुन्हा तासली.

सगळे बाण डोंगराकडं,
एकच उलटा.

खाली लिहिलं:
उजाडलं की वरच्या चर्चच्या पायऱ्यांवर
मोजणी.
पाच.