एप्रिलचं मूल्यांकन

माझं काम एवढंच.
गाडीभोवती दोनदा फिरायचं,
गुडघे टेकून खालचा गंज पाहायचा
आणि कागदावर एक आकडा लिहायचा.
आयफेलच्या डोंगरात बावीस वर्षं मी आकडेच लिहिते आहे.
लोक चिडतात. आकड्यावर नाही,
फ्राउके ओल्टमान्सवर.

गिस्बर्ट आणि आन्सगार, बेकरीवाल्या श्मित्झचे मुलगे.
बाप गेला, भट्टी विकली,
दोघांच्या वाट्याला सत्तर सत्तर हजार.
गिस्बर्टनं घेतली सत्त्याऐंशी सालची,
बसकी, मोहरीच्या रंगाची,
तीन पॅडल, आणि चालू होताना घसा खाकरणारी.
आन्सगारनं शोरूममधली, कोरी, राखाडी.
सीटवरचं प्लास्टिक माझ्यासमोर काढलं.
पैज लागली: कोणाचे पैसे वसूल?
हरणाऱ्यानं वर्षभर रविवारचे पाव आणायचे.
बेकरीवाल्याच्या पोरांनी, विकत.

तेव्हापासून दर एप्रिलला मला बोलावणं.
गॅरेजच्या भिंतीवर खडूचे दोन स्तंभ.
मोहरी चढत गेली: ऐंशी, चौऱ्याण्णव, एकशे दहा.
राखाडी उतरत गेली, जिना उतरावा तशी,
यंदा एकोणतीस.
नऊ वर्षं आन्सगारच पाव आणतो आहे.

जुनं ते सोनं, ठीक आहे,
पण सोन्याच्या खाली तेलाचा ट्रे ठेवावा लागत नाही.
इंजिन उघडलं, चौदा हजार.
एक रबरी चकती पोलंडहून आली,
अकरा आठवड्यांनी, चुकीची.
हिवाळ्यात दमट हवा शोषणारं यंत्र रात्रभर घुरघुरतं,
त्याचं वीजबिल मला कोणी दाखवत नाही.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब केला होता,
कोणाला सांगितला नाही.
राखाडी एक लाख एकतीस हजार किलोमीटर धावली,
किलोमीटरमागे एकतीस सेंटची घट.
त्यात लक्झेंबर्गचं पेट्रोल, मुलीचं बाळंतपण,
एकदा रात्री अडीचला समुद्र पाहायची हुक्की.
मोहरी गेल्या वर्षी तीनशे बारा.
किंमत चढली तसा गिस्बर्ट घाबरत गेला.
आधी पाऊस नको, मग खडी नको,
मग रविवारची गर्दी नको.
शेवटी नुसतं चालू करायचं,
दहा मिनिटं ऐकायचं, बंद करायचं.

आणि यंदा डावा गुडघा.
डॉक्टरांनी धातूचा बसवला,
म्हणाले, जिना जमेल, क्लच विसरा.
तो मोहरीच्या बाजूला काठी टेकवून उभा होता.
“लिही,” म्हणाला.
मी एकशे अठरा लिहिलं.
त्यानं खडूनं भिंतीवर उतरवलं, आकड्याखाली रेघ ओढली,
हात झटकले.
“विकशील?”
“कोणाला?” तो म्हणाला,
जणू मी भावाबद्दल विचारलं होतं.

आन्सगारनं राखाडीचं दार उघडलं.
“चला, पाव आणायचेत. फ्राउके, तूही ये.”
मागची सीट म्हणजे नावाला,
मी गुडघे छातीशी घेऊन बसले.
गिअर आपले आपण बदलत होते, कळतही नव्हतं.
आन्सगार बोलत होता, टायरबद्दल, बाजारातल्या बटाट्यांबद्दल.
घाटातलं पहिलं वळण आलं.

मला मागून दिसलं:
प्रवाशाच्या सीटवर गिस्बर्टचा डावा पाय
कार्पेटवर दाबला गेला,
जिथे काहीच नव्हतं.
वळण संपलं, पाय सुटला.
पुढचं वळण, पुन्हा.
आन्सगारनं ते पाहिलं असावं,
कारण बेकरीचा फाटा आला
आणि तो सरळ पुढे गेला,
वरच्या रस्त्याला,
जिथे वळणं जास्त आहेत.