खाट क्रमांक अकरा

सीपीआरचा दुसरा मजला, दुपारचे सव्वातीन.
पिराजी सातपुत्यांपुढे मी एकेक चित्र धरते.
किल्ली. छत्री. म्हैस.
म्हशीला ते म्हणतात, "ती... धारंची."
चालेल. गंगावेशीत पहाटे पेला घेऊन उभं राहणाऱ्याला
तिची याहून वेगळी ओळख कुठे लागते?

मग चपलेचं चित्र.
पंचेचाळीस वर्षं सुभाषनगरात बसून जी शिवली
तिच्यापाशी येऊन ते अडतात.
ओठ हलतात,
दोरा न ओवलेल्या आरीसारखे.
हौसाबाई पायथ्याशी, स्टुलावर. न राहवून म्हणते,
"सांगा की वो. पोट भरलं तिनं आपलं."

मी म्हणते, कान दाखवा.
हात डोक्याकडे जात नाही,
हवेतल्या चपलेच्या बाजूला जातो.
अंगठा म्हटलं तरी तिथेच. वेणी म्हटलं तरी.
म्हणजे गल्ली सगळी जागी आहे:
ओल्या कातड्याचा वास, तळातल्या विंचवाची करकर,
लग्नाच्या आदल्या दिवशी
नवरदेवाचा चावलेला पाय.
फक्त मधल्या घरावरची पाटी कुणीतरी काढून नेली.

प्रश्न सातवा.
माणसाला कातडी, तशी झाडाला काय?
"साल." लगेच. मी खूण करते.
पण ते थांबत नाहीत.
उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्याने काहीतरी ढवळतात,
"साल... त्येच्यात. मुरतीया. मग त्ये... ऱ्हातंय."
हौसाबाई मला समजावते, बाभळीची, बाई.
बाभळीची साल पाण्यात घालायची, त्यात कातडं.
मी विचारलं होतं, कोण कुणासारखं.
ते सांगत होते, कोण कुणात उतरतं.
छापील कागदावर याला चौकोन नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात. गुण किती, ते लिहिलं नाही.

उठताना त्यांची नजर माझ्या पायांवर.
महाद्वार रोडवरून घासाघीस करून घेतलेली सँडल.
खाटेच्या कडेवरून वाकतात,
हौसाबाई दंड धरते,
डावं बोट पट्ट्याखाली सरकवतात, फिरवतात,
आणि एका दमात, न अडखळता :
"सैल."

ना पट्टा सैल होता, ना पाय.
बोट होतं तिथे, दोघांच्या मध्ये,
तेवढ्या जागेत तो शब्द होता.

खाट बारा वाट बघतेय.
मी चालू लागते, आणि टाच
प्रत्येक पावलाला उचलून आपटते,
सहा महिने आपटत असणार.