लिंबू, पाच रुपये

चेंबूरला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर
दोन खोल्या-हॉल-किचनची आमची शाळा.
हॉलमध्ये प्रार्थना, डबा आणि भांडणं,
आतल्या खोलीत स्पीच थेरपी,
ओट्यावर पोळ्या लाटण्याचा वर्ग.
मुलं चौदा. फी वेळेवर भरणारे नऊ.
सोसायटीचं पत्र दर तीन महिन्यांनी येतं,
आवाजाबद्दल.
नाडकर्णीबाई ते फाइलला लावतात,
फाइलवर त्यांच्याच अक्षरात : प्रेमपत्रे.

गुरुवारी 'व्यवहार'.
तौसिफ परकार, वय सतरा,
जूनपासून एकच वाक्य घोकतोय :
एक लिंबू द्या.
मी ओढणी डोक्यावर घेऊन भाजीवाली व्हायचे,
प्लास्टिकचं लिंबू पुढे करायचे.
तो पाचाचं नाणं द्यायचा, जाड, पिवळं.
दोनाचं दिलं की मी मान हलवायचे.
एकदा त्याने ते लिंबू चावलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की फसवलं ते मीच.
दाताची खूण अजून आहे त्यावर.

जानेवारीत खरा रस्ता.
मी सहा पावलं मागे, उभ्या रिक्षाच्या आडोशाला,
मोबाइल बघितल्यासारखं करत.
हे मागे राहणं कुठल्या कोर्सला नव्हतं.
पाय आपोआप निघतात,
चपलेत अंगठा रोवून धरावा लागतो.

एक लिंबू द्या.
शब्द नीट, आवाज जरा मोठा,
दोन गिऱ्हाइकं वळली.
सगुणाबाईंनी टोपलीतलं बरंसं निवडलं,
म्हणाल्या, दहा.

दहा आम्ही घेतलंच नव्हतं.
सहा महिने. आणि मला, घर चालवणाऱ्या बाईला,
एकदाही सुचलं नाही की भाव वाढतात.

त्याने नाणं पाहिलं. लिंबू. परत नाणं.
पलीकडे रसवाला बर्फ फोडत होता,
प्रत्येक घावाला याचा खांदा वर जाई.
आता कानावर हात, आता रस्त्यातच बैठक—
माझा अंगठा सुटला.

तेवढ्यात तो म्हणाला,
"नको. म्हाग."

हा शब्द माझा नाही. शाळेतला कुणाचाच नाही.
मूठ मिटून तो वळला.
सगुणाबाई ओरडत राहिल्या, अरे ने, पाचला ने!
तो थांबला नाही.
पक्कं गिऱ्हाईक मानेवरून ओळखू येतं.

दुपारी तक्ता भरायला बसले.
उद्दिष्ट : लिंबू विकत घेणे.
साध्य, अंशतः, असाध्य. तीन चौकोन.
पेन दोनदा झटकलं. पेनात शाई होती.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत
कागदात गुंडाळलेलं पाचाचं नाणं,
धुऊन लखलखीत, आणि त्याच्या आईची चिठ्ठी :
'बाई, शाळेचे पैसे ह्याच्या खिशात निघाले.
चुकून आणले असतील. माफ करा.'

नाडकर्णीबाईंनी ती उभ्यानेच वाचली,
चष्मा पुसला,
भोकं पाडायचं मशीन मागितलं.
कुठल्या फाइलला लावली,
ते मी विचारलं नाही.