मुरलेलं पाणी

रात्री तीनला ओडेसा झोपतं.
मीटरवरचा आकडा उतरत जातो,
कुणी नळ सोडत नाही, कुणाच्या संडासात फ्लश नाही.
मग मी तिसरा ब्लोअर बंद करते.
टाकीतल्या जिवाणूंना आता एवढा श्वास पुरतो.
निम्मं वीजबिल या हवेचंच,
बुडबुड्यांनी खाल्लेलं.

डेलबर्ट हकबी आकडे बघत नाही.
कठड्यावर कोपर टेकून ऐकतो.
"फार ओरडतोय. दमानं घे म्हणावं त्याला."
आणि स्क्रीनवर प्राणवायू खरंच दोनच्या वर गेलेला.
बत्तीस वर्षं इथं. वास येत नाही म्हणतो आता,
फक्त नाताळच्या दुसऱ्या दिवशी,
टर्कीच्या चरबीचा.

कुंपणापलीकडे तेलाचे पंप
माना हलवतायत
नंदीबैलांसारखे, विचाराल त्याला हो.
अलीकडे आम्ही
गाळाच्या पोटातला वायू जाळतो,
गावाच्या घाणीवर गावाची मोटर.

मार्चपासून हिशेब जुळेना.
जांभळ्या पाइपातून शाळेच्या मैदानाला, दफनभूमीला
सोडलेलं पाणी
आणि पोचलेलं पाणी.
दर गुरुवारी चारशे गॅलनचा फरक,
दोन नंबरचा पंप वीस मिनिटं जादा.
ऑडिटच्या बाईंनी पेन्सिलीनं गोल केला त्याभोवती.
मी मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

मुरतच होतं.
पहाटे टॉर्च घेऊन गेले
तर डेलबर्ट, टोपी काखेत,
झडपेची चावी हातात,
एका दगडापुढे.
वांडा जीन. दोन तारखा.
सगळीकडचं गवत काथ्यासारखं,
इथलं तेवढं हिरवं,
एका अंथरुणाएवढं.

"शाळेच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली तिनं," तो म्हणाला,
"जन्मभर. ते पाणी माझ्याकडेच यायचं की.
रोज साडेबाराला फेस दिसायचा मला,
कळायचं, तिचं आवरलं."

पाण्याचा आवाज येत राहिला, बारीक.
मग, माझ्याकडे न बघता,
"लिहिणार आहेस?"

रजिस्टरात चार रकाने आहेत.
तारीख, वेळ, तूट, कारण.
तीन मी भरले.
बाईंचा फोन सोमवारी येईल.

पाचला आकडा चढायला लागला,
कुणीतरी गावात अंघोळीला उठलं.
मी तिसरा ब्लोअर चालू केला.