रूळ ओलांडण्याआधी

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
रूळ आले की थांबायचं, दार उघडायचं,
पोरांना गप्प करायचं आणि ऐकायचं.
गाडी येवो न येवो, नियमच तो.
आता व्हॅन आहे, आत आम्ही दोघीच,
तरी रूळ दिसले की पाय आपसूक ब्रेकवर जातो
आणि मी काच खाली करते.
लव्हॉन म्हणते, ऑर्पा, अगं या मार्गावरून
आपल्या लग्नांच्या आधीपासून गाडी गेलेली नाही,
रुळांत झुडपं वाढलीत.
म्हटलं, मग झुडपांचं ऐकू.

व्हॅन पूर्वी पाव वाटायची.
उन्हात तापली की अजून
पत्र्यातून यीस्टचा वास सुटतो,
भर वाळवंटात भूक लागते उगाच.
वाळू उशीत, वाळू मिठात,
लव्हॉनची कवळी ठेवायच्या पेल्यातसुद्धा वाळू.
तिचं म्हणणं, दात आयते घासले जातात.

घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा रात्र होती.
सकाळी आठ लिटर पाणी भरून,
काठ्या घेऊन, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून
चौकीपाशी उभ्या राहिलो.
आभाळ असं निळं, की कुणी काही लपवतंय वाटावं.
खिडकीत लेटिशा एट्सिटी. सव्वीसेक वर्षांची,
गणवेशाची टोपी तिला जरा मोठी.
म्हणाली, आज घळ बंद.

ढग कुठाय? लव्हॉनने विचारलं.
पोरीने बोट नाही दाखवलं,
ओठांनीच दक्षिणेकडे खूण केली.
साठ मैलांवर. माझ्या मावशीच्या मेंढ्या भिजतायत आत्ता,
तिचा फोन आला होता.

लव्हॉन भडकली.
आम्ही गवत कापायचं यंत्र विकून आलोय.
नोव्हेंबरात माझा गुडघा कापणार आहेत.
तुझ्या मावशीला सांग!
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पोरीने सगळं ऐकून घेतलं,
मग म्हणाली, वरती बसा हवं तर.
कडेपासून वीस पावलं मागे.

बसलो. व्हॅनचं दार सताड उघडं,
बादली उलटी करून त्यावर पत्ते.
लव्हॉन तीन डाव जिंकली आणि बोलली नाही.
एक जर्मन पोरगा, त्यालाही परत फिरवलेलं,
आमची अर्धी पावरोटी खाऊन
आमच्याच सावलीत झोपला.
पाल चाकावर चढली, उतरली, पुन्हा चढली.
ढग नाही, वारा नाही. तीन वाजले. साडेतीन.
लव्हॉन म्हणाली, एव्हाना जाऊन आलो असतो.

चारनंतर केव्हातरी मी म्हटलं, गप्प.
तिच्या हातात बदामची राणी होती, ती तशीच राहिली.
आधी वाटलं, कानातलं रक्तच वाजतंय.
मग बादलीवरचे पत्ते थरथरले.
मालगाडी होती ती.
एकतीस वर्षं जिची वाट पाहिली
आणि जी एकदाही आली नाही, तीच.
डबे मोजावेत इतकी लांब.

वीस पावलांवरून आम्ही माना उंचावल्या.
पाणी कसलं, भज्यांचं पीठ,
तांबडं, घट्ट, आणि त्यात उभे ओंडके,
तारेसकट उखडलेला कुंपणाचा खांब,
कुणाचा तरी निळा ड्रम.
आपण सकाळी जिथून आत शिरणार होतो
तिथे आता तळ नव्हता.
मेंढी मात्र नव्हती एकही. मी नीट पाहिलं.
लेटिशाही तेच पाहत होती, टोपी हातात धरून.

मग ती फोन लावत राहिली. लागेना.
चौकीच्या पायरीवर चढून, मग बाकावर चढून.
लागला, तेव्हा आपल्या भाषेत भरभर बोलली
आणि मध्येच हसली.
आम्हाला शब्द एक कळला नाही.
लव्हॉन उठली, उरलेली पावरोटी
फडक्यात गुंडाळून तिच्या खिडकीत ठेवून आली.
काय म्हणालीस, विचारलं, तर म्हणे, काही नाही.

घळ पुढे तीन दिवस चिखल.
आमच्याकडे पेट्रोलपुरतेच दिवस होते.
चालण्यासाठी भरलेलं पाणी तसंच होतं, आठ लिटर.
त्यातल्या दोनात आम्ही पाय धुतले,
कुठेच न गेलेले,
तरी बोटांच्या बेचक्यांत वाळूच वाळू.